झोप होते, पण अंगी लागत नाही : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

नैतिकता समितीची मंजुरी आली, दोन दुरुस्त्यांसह. पहिली अपेक्षित होती: बोलता बोलता कुणाला रडू आलं, त्रास झाला तर पुढे काय करणार ते लिहा. दुसरीने मात्र मी ओशाळले. मुलाखतीसाठी मी सलग ९० मिनिटं मागितली होती. समितीतल्या एका सदस्याने समासात एवढंच लिहिलं होतं, ‘या रुग्णांना ९० मिनिटं एका जागी बसता येतं का?’

येत नाही. फायब्रोमायल्जियावर, म्हणजे अंगभर पसरलेल्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या दुखण्याच्या आजारावर, वर्षभर वाचतेय आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता ४० मिनिटांचे दोन भाग, मध्ये विश्रांती. बसून, उभं राहून किंवा आडवं पडून, जसं जमेल तसं बोलायचं. फोनवर बोलायचं असेल तर तेही चालेल.

प्रकल्पाचा आवाका छोटा आहे. डॉक्टरांनी निदान केलेल्या बारा ते पंधरा जणांशी झोपेबद्दल सविस्तर बोलायचं आणि प्रत्येकाकडून दोन आठवड्यांची झोपेची डायरी भरून घ्यायची. मोजमाप करायचं नाही. रात्र कशी जाते, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं.

१४ जानेवारी

दिवसभर वाचन. आजाराच्या नावाचा इतिहासच मजेशीर आहे. १९०४ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द काढला. स्नायूंमधल्या तंतुमय भागाला सूज येत असावी, असा त्यांचा समज. सूज काही सापडली नाही, नाव मात्र सत्तर वर्षं टिकलं. १९७६ मध्ये ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव आलं, म्हणजे नुसतं ‘तंतू आणि स्नायूंचं दुखणं’. सुजेचा दावा निघून गेला.

१९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष ठरवले. शरीरावर १८ ठरावीक जागा, त्यांतल्या ११ दाबल्यावर दुखल्या पाहिजेत, शिवाय अंगभर पसरलेलं दुखणं किमान तीन महिन्यांचं हवं. या निकषांत झोपेचा उल्लेख नाही. डॉक्टरच्या अंगठ्याला जे कळेल ते खरं, असा सगळा मामला.

२०१० च्या निकषांनी अंगठा बाजूला ठेवला. दुखऱ्या भागांची यादी १९ जागांची झाली आणि तिच्या जोडीला तीन गोष्टींची तीव्रता ० ते ३ अशी विचारायला सुरुवात झाली: थकवा, विचारांतला गोंधळ आणि उठल्यावर विश्रांती न मिळाल्याची भावना. म्हणजे झोप आता निदानाच्या आत आली. आणि ती कशी आली बघा: ‘किती झोपता’ असं कुणी विचारत नाही, ‘उठता तेव्हा कसं वाटतं’ असं विचारतात. अधोरेखित करून ठेवलंय.

१७ जानेवारी

टोरंटोच्या हार्वी मोल्डॉफ्स्की यांचं १९७५ चं काम काल मुळातून वाचलं. इतके दिवस दुसऱ्यांच्या उल्लेखांवर भागवत होते.

गाढ झोपेत मेंदूच्या लहरी संथ आणि मोठ्या होतात, त्यांना डेल्टा म्हणतात. डोळे मिटून शांत पण जागे असताना दिसतात त्या अल्फा. मोल्डॉफ्स्की यांना या रुग्णांच्या स्वप्नविरहित झोपेत अल्फा लहरी मिसळलेल्या दिसल्या. बाहेरून माणूस झोपलेला, आलेखावर मात्र झोप आणि जाग एकाच वेळी. पुढे त्यांनी निरोगी माणसांना झोपू दिलं आणि गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडली, पूर्ण जाग येईल इतका मोठा आवाज न करता. काही रात्रींनंतर या धडधाकट माणसांचंही अंग दुखायला लागलं, जागोजागी दाबलं की कळ यायला लागली. झोप नीट मिळू लागल्यावर ते ओसरलं.

वाचून इतका उत्साह आला की मार्गदर्शक मॅडमना रात्री साडेदहाला मेसेज केला. सकाळी उत्तर आलं: ‘छान. आता त्यानंतरचं पन्नास वर्षांचं वाच.’

१९ जानेवारी

वाचलं. उत्साह थोडा निवला.

अल्फाची ही घुसखोरी सगळ्याच रुग्णांत दिसत नाही आणि काही निरोगी माणसांतही दिसते, त्यामुळे तिच्यावरून निदान करता येत नाही. २००१ मध्ये रोइझेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी तिचे तीन प्रकार वेगळे केले. त्यांतला एक, डेल्टासोबत झटक्याझटक्याने येणारा, त्यांच्या रुग्णांपैकी निम्म्यांत दिसला आणि निरोगी गटात ७ टक्क्यांत. तो ज्यांच्यात होता त्यांची सकाळची दुखणीही जास्त होती. म्हणजे सूत्र तुटलेलं नाही, पण एका दोरीने सगळे बांधले जातील असंही नाही.

या प्रकल्पात आपण डोक्याला तारा लावणार नाही आहोत, त्यामुळे हा विषय इथेच सोडते. सोडवत नाही, पण सोडते.

२६ जानेवारी

तीन दिवस एका शब्दावर गेले. निकषांमधलं ते ‘उठल्यावर विश्रांती न मिळाल्याची भावना’ मराठीत विचारायचं कसं? ‘सकाळी ताजंतवानं वाटतं का?’ हे साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं, आणि या आजारात त्याचं उत्तर कायम ‘नाही’ येणार. ‘झोप पूर्ण झाल्यासारखी वाटते का?’ म्हटलं की समोरचा तास मोजायला लागतो. ‘थकवा जातो का?’ हे जवळचं आहे, पण थकव्याचा प्रश्न वेगळा आहेच.

प्रचलित प्रश्नावल्याही चाळल्या. पिट्सबर्गची झोपेच्या दर्जाची प्रश्नावली १९८९ ची, १९ प्रश्न, एकूण गुण ० ते २१, पाचाच्या वर गेलात की झोप वाईट. सर्वांत जास्त वापरली जाणारी हीच. झोप लागायला किती वेळ लागतो, किती तास झोपता, अंथरुणात असलेल्या वेळेपैकी झोपेचा वाटा किती, हे सगळं ती विचारते. उठल्यावर आराम पडला का, हा थेट प्रश्न मात्र तिच्यात नाही! जेन्किन्स यांच्या १९८८ च्या अवघ्या चार प्रश्नांच्या प्रश्नावलीत तो आहे: नेहमीएवढं झोपूनही थकलेले, गळून गेलेले उठता का? चारांत जे मावलं ते एकोणीसांत मावलं नाही.

प्रमाणित प्रश्नावलीत आपल्या मनाने बदल करता येत नाहीत. मुलाखतीचे प्रश्न मात्र आपले आहेत. तिथे शब्द लोकांकडूनच यायला हवा असं ठरवून झोपले.

३ फेब्रुवारी

चाचणी मुलाखत, स-१ (स म्हणजे सहभागी, नावाऐवजी क्रमांक). पन्नाशीच्या बाई, दुखणं अकरा वर्षांचं, निदान चार वर्षांपूर्वीचं. मधली सात वर्षं ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे ऐकण्यात गेली.

मी सुरुवातच चुकीची केली. ‘काकू, साधारण किती तास झोपता?’ त्या म्हणाल्या, ‘सात-साडेसात.’ मी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न सुचेना, कारण माझे सगळे पुढचे प्रश्न ‘कमी झोपते’ या उत्तरावर बेतलेले होते. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. त्याच म्हणाल्या:

‘झोपते गं मी. झोप लागत नाही अशी माझी तक्रारच नाही. एखाद्याला कितीही खायला घाला, अंगी लागत नाही, तसं आहे बघ. झोप होते, पण अंगी लागत नाही.’

तीन दिवस जो शब्द शोधत होते तो असा समोर आला. खाल्लेलं अंगी लागणं आपण रोज म्हणतो, झोपेला ते कधी लावून पाहिलं नव्हतं. सुरुवातीचा तासांचा प्रश्न काढून टाकला. आता पहिला प्रश्न: ‘काल रात्रीबद्दल सांगा.’ बस.

१२ फेब्रुवारी

स-२, स-३ आणि स-४ झाले. स-३ हे एकटेच पुरुष आहेत आतापर्यंत. सुरुवातीची पंधरा मिनिटं त्यांनी आपल्याला हा ‘बायकांचा आजार’ कसा झाला याचं स्पष्टीकरण देण्यात घालवली. मी मध्ये बोलले नाही.

मग त्यांनी कूस बदलण्याचं जे वर्णन केलं ते जवळजवळ जसंच्या तसं उतरवतेय, कारण कुठल्याही प्रश्नावलीत ते बसणार नाही. डाव्या कुशीवर असताना डावा खांदा आणि खुब्याचं हाड ठणकायला लागतं. त्या ठणक्याने अर्धवट जाग येते. लगेच वळता येत नाही, कारण तोवर पाठ आखडलेली असते. आधी गुडघ्यांमधली उशी हाताने ओढून काढायची. मग उताणं व्हायचं आणि तिथे थांबायचं, ‘पाठीला सवय होईपर्यंत’. मग उजवीकडे. उशी परत गुडघ्यांत, दुसरी पोटाशी, म्हणजे वरचा हात लोंबकळणार नाही. पांघरुणाचा काठ मानेखाली दुमडला गेला असेल तर तोही टोचतो, तो सरळ करायचा. हे सगळं होईपर्यंत झोपेचं खोबरं झालेलं असतं. पुन्हा डोळा लागतो आणि तासा-दीड तासाने उजवा खांदा बोलायला लागतो.

‘रात्री किती वेळा जाग येते?’ असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘यातली कुठली जाग मोजू?’

मलाही सांगता आलं नाही.

२१ फेब्रुवारी

चूक, आणि पूर्णपणे माझी.

स-५ यांनी एका आठवड्यानंतर डायरी परत केली. ‘ताई, राग मानू नका, पण हिच्यामुळे माझी झोप आणखी बिघडली.’ डायरीत ‘किती वाजता जाग आली’ असा रकाना आहे. त्या प्रामाणिकपणे प्रत्येक वेळी दिवा लावून घड्याळ बघत होत्या, मग चष्मा, मग पेन. वेळ लिहिली की ‘अरे, अजून तीनच वाजलेत’ हा विचार सुरू व्हायचा आणि पुढचा तास त्यातच जायचा.

निद्रातज्ज्ञांनी एकत्र बसून २०१२ मध्ये झोपेच्या डायरीचा एक सामाईक नमुना तयार केला. ही डायरी सकाळी उठल्यावर भरायची, घड्याळ न बघता अंदाजाने भरायची, असंच त्यात अभिप्रेत आहे. माझ्या भाषांतरात रकाने सगळे आले आणि सूचनांचं पान छपाईत राहिलं. चार जणांकडे ती डायरी गेलेली. संध्याकाळपर्यंत चौघांना फोन करून सांगितलं. स-२ म्हणाल्या, ‘मी तर शनिवारी बसून सगळा आठवडा भरून टाकते.’ त्याचीही नोंद केली. नवी प्रत निघाली, पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: रात्री लिहू नका, घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. शेवटी एक मोकळा रकाना वाढवलाय, ‘आणखी काही’.

१ मार्च

मुलाखतीच्या वेळेचा परिणाम होतोय. स-६ शी सकाळी नऊला बोलले तेव्हा वाक्यं तुटक, शब्द सापडत नव्हते. ‘ते... ते काय म्हणतात... आपण वर घेतो ते...’ पांघरूण म्हणायचं होतं. दुसरा भाग दुपारी चारला झाला आणि तीच व्यक्ती सलग वीस मिनिटं बोलली. डोक्यातल्या या धुक्याचं वर्णन बहुतेक सगळेच करतात आणि ते वाईट रात्रीला जोडतात.

काल मुलाखत ऐकून उतरवताना मी सकाळच्या भागातल्या अडखळण्याच्या जागा ‘स्वच्छ’ करून टाकल्या होत्या. मॅडमनी मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं आणि विचारलं, ‘ती अकरा सेकंद गप्प होती, ती कुठे गेली?’ उतरवलेल्या सगळ्या मुलाखतींत थांबण्याच्या जागा परत घालते आहे, सेकंदांसकट. दोन दिवस जातील.

१० मार्च

हे कुठे लिहावं ते कळत नाही, म्हणून इथेच.

स-७ म्हणाल्या की संध्याकाळपासून पायांत ‘वळवळल्यासारखं’ होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की बरं वाटतं आणि आडवं झालं की पुन्हा सुरू. हे अस्वस्थ पायांच्या विकाराचं पाठ्यपुस्तकी वर्णन आहे. २०१० मधल्या एका अभ्यासात तो फायब्रोमायल्जियाच्या ३३ टक्के रुग्णांत आढळला होता आणि तुलनेच्या गटात ३ टक्क्यांत. त्याला उपचार आहेत. शरीरातलं लोह कमी असेल तर तेही बघतात. पण त्यांच्या मते हा सगळा ‘त्याच आजाराचा भाग’, म्हणून चार वर्षांत डॉक्टरांना सांगितलंच नाही.

मी डॉक्टर नाही. मुलाखत घेणारीने सल्ला द्यायचा नसतो. मॅडमना विचारलं, त्यांनी समितीच्या अध्यक्षांना. ठरलं ते असं: निदानाचा शब्द उच्चारायचा नाही, पण ‘हे पायांचं तुमच्या डॉक्टरांना मला सांगितलंत तसंच सांगा’ एवढं म्हणायचं. आज फोन केला.

त्यावरून आधीच्या मुलाखती पुन्हा ऐकल्या. स-४ यांचे यजमान मागून म्हणतात, ‘झोप नाही म्हणते, पण घोरत असते चांगली!’ त्या वेळी आम्ही तिघंही हसलो होतो. मोठ्याने घोरणं आणि सकाळी गळून जाणं एकत्र असेल तर झोपेत श्वास अडकतोय का, हे तपासायला हवं. त्यांनाही तोच निरोप दिला. ‘फायब्रोमायल्जिया’ ही चिठ्ठी एकदा चिकटली की तिच्याखाली बाकी सगळं ढकललं जातं, डॉक्टरांकडून आणि रुग्णांकडूनही.

२४ मार्च

अकरा मुलाखती झाल्या. संकेतन सुरू केलं, म्हणजे बोलण्यातल्या तुकड्यांना नेमकी नावं (संकेत) देणं. ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ मध्ये मांडलेली आशयसूत्र-विश्लेषणाची पद्धत वापरतेय: संकेतांतून पुन्हा पुन्हा येणारी सूत्रं शोधायची.

पहिल्या फेरीत माझे संकेत असे निघाले: झोप लागण्यात अडचण, मध्येच जाग, लवकर जाग, दिवसा पेंग. यादी समोर ठेवली आणि लक्षात आलं की ही निद्रानाशाच्या प्रश्नावलीची अनुक्रमणिका आहे. अकरा माणसांशी तासन्‌तास बोलून मी परत तिथेच आले होते! सगळं पुसलं.

दुसऱ्या फेरीत त्यांचेच शब्द घेतले. ‘अंगी न लागणे’ (मी हे वाक्य कुणाला सुचवलं नव्हतं, तरी आणखी दोघांनी जेवणाचीच उपमा दिली. एक म्हणाली, ‘चव नसलेलं जेवण’). ‘एक कान जागा’. ‘उसना दिवस’, म्हणजे आज जास्त काम केलं तर त्याची परतफेड रात्री, व्याजासकट. ‘सकाळची भीती’. हा शेवटचा अनपेक्षित आहे. रात्रीबद्दल विचारलं तरी लोक सकाळवरच येतात. डोळे उघडल्यानंतरचा तो पहिला अर्धा तास, बोटं मिटत नाहीत, टाचा टेकवत नाहीत, आणि आज कुठलं शरीर वाट्याला आलंय याचा अंदाज घेत पडून राहायचं. स-८ सांगतात, ‘झोपताना मी ठीक असते. रात्री कुणीतरी येऊन मला काठीने बडवून जातं.’

२ एप्रिल

‘दुखतं म्हणून झोप नाही, की झोप नाही म्हणून दुखतं?’ हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. तरी जवळजवळ प्रत्येकाने स्वतःहून तो काढला. बहुतेकांचं म्हणणं, दोन्ही. स-३ यांचं, ‘डॉक्टरांना पहिलं कळतं. दुसरं सांगितलं की ते संगणकाकडे बघायला लागतात.’

दुसऱ्यालाही आधार चांगला आहे. नॉर्वेमध्ये फायब्रोमायल्जिया नसलेल्या बारा हजारांहून अधिक स्त्रियांचा साधारण दहा वर्षं मागोवा घेतला गेला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीला ज्यांनी झोपेचा त्रास वारंवार किंवा कायम होतो असं सांगितलं होतं, त्यांना पुढे हा आजार होण्याचं प्रमाण त्रास नसलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. झोप आधी, दुखणं नंतर.

पण मला धरून ठेवलं ते २००७ मधल्या मायकेल स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने. निरोगी स्त्रिया, तीन गट. एका गटाला नेहमीसारखं झोपू दिलं. दुसऱ्याला रात्रीतून अनेकदा उठवलं. तिसऱ्याची एकूण झोप दुसऱ्याइतकीच कमी केली, पण मिळाली ती सलग. शरीरात वेदना दाबण्याची एक स्वतःची यंत्रणा असते: एका जागी दुखत असताना दुसरीकडची कळ कमी जाणवते. वारंवार उठवलेल्या गटात ही यंत्रणा लुळी पडली आणि आपोआप होणारी दुखणी वाढली. सलग पण कमी झोपलेल्यांत तसं झालं नाही. तास दोघींचे सारखेच!

स-१ यांचे सात-साडेसात तास आठवले. आणि स-३ यांचा तो प्रश्न, यातली कुठली जाग मोजू.

११ एप्रिल

उपचारांचा भाग मी प्रश्नांत ठेवलाच नव्हता, पण लोकांनी सोडला नाही.

औषधांबद्दल थोडक्यात: अमेरिकेत या आजारासाठी प्रीगॅबालिनला २००७ मध्ये, ड्युलोक्सेटिनला २००८ मध्ये आणि मिल्नासिप्रानला २००९ मध्ये मान्यता मिळाली. रात्री कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन त्याच्या कितीतरी आधीपासून दिलं जातं. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने सुधारित शिफारशी काढल्या, त्यांत ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. आमच्याकडच्या गोळ्या घेणाऱ्यांची तक्रार एकच, सकाळची गुंगी. ‘गोळीने रात्र मिळते आणि सकाळ जाते.’

मला लिहायचंय ते झोपेच्या नियमांबद्दल. निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धत चांगली आहे, गोळ्यांआधी ती द्यावी असं मानतात, आणि फायब्रोमायल्जियातही तिचा काहींना फायदा झालेला आहे. तिच्यात बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेले नियम येतात: अंथरूण फक्त झोपेसाठी, आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा. स-९ यांना कुणीतरी हे छापील कागदावर दिले होते. त्या म्हणाल्या, ‘अंथरूण फक्त झोपेसाठी? दुपारी दोनला माझी पाठ उभी राहायला नकार देते, तेव्हा मी कुठे पडू? आणि उठा म्हणजे काय? उठायला मला दहा मिनिटं लागतात. उठून बसले तर मान धरते. परत आडवं व्हायचं तर उशांची मांडणी पुन्हा पहिल्यापासून.’

नियम चुकीचा नाही. ज्याला उठणं फुकट आहे अशा माणसासाठी तो लिहिला गेलाय, इतकंच. त्यांनी स्वतःच तोडगा काढला होता. दुपारी आडवं व्हायची जागा वेगळी केली, खिडकीपाशी, जमिनीवर गादी टाकून. रात्री उठायच्या ऐवजी पलंगाच्या पायथ्याकडे डोकं करून पडायचं. ‘दुसरी खोली झाली ना ती.’ हे कुठल्याही उपचारतज्ज्ञाला दाखवायला मला आवडेल.

१९ एप्रिल

संकेतन पक्कं होईपर्यंत वाचू नकोस, असं मॅडमनी बजावलेला निबंध आज उघडला. थीडम आणि क्रॉप्ली यांचा २०१० चा, १६ जणांच्या मुलाखतींवरचा, विषय हाच. पुन्हा पुन्हा येणारी जाग, दिवसावर पडणारी तिची छाया, इतरांना न पटणं, सगळं तिथे आहे. तासभर वाईट वाटलं. मग वाटलं, दुसऱ्या भाषेतली दुसरी माणसं तेच सांगत असतील तर आपण ऐकताना फार चुकलो नाही.

त्यात नाही ते आपल्याकडे दोन ठिकाणी आहे: ‘अंगी लागणे’ आणि कूस बदलण्याचं ते लांबलचक काम. यांना जास्त पानं द्यायची, बाकी आटोपतं घ्यायचं.

४ मे

निष्कर्षांचा मसुदा सहभागींना वाचायला पाठवला होता. तेरापैकी नऊ जणांनी उत्तर दिलं. बहुतेक ‘बरोबर आहे’, एका ठिकाणी ‘माझं वय चुकलंय’.

स-६ यांनी मात्र मला कोपऱ्यात पकडलं. ‘एक कान जागा’ या आशयसूत्राला मी मसुद्यात ‘पहारा’ असं नाव दिलं होतं, शरीर रात्रभर पहारा देतं या अर्थाने. फोनवर म्हणाल्या, ‘शब्द छान आहे, पण माझा नाही. पहारेकरी कशाची तरी राखण करतो. माझं शरीर कसली राखण करतंय? शेजारच्या खोलीत पाहुणे गप्पा मारत बसलेत आणि आपल्याला झोपायचंय, तसं आहे ते. त्यांना बाहेर काढता येत नाही, एवढंच.’

‘पहारा’ काढला. मला तो फार आवडला होता, तेव्हाच संशय यायला हवा होता. सूत्राचं नाव पुन्हा ‘एक कान जागा’, आणि पाहुण्यांचं वाक्य अवतरणात.

१३ मे

काल आंतरराष्ट्रीय फायब्रोमायल्जिया जनजागृती दिवस होता. १२ मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. विभागाने भित्तिपत्रक मागितलं होतं, तीन ओळी दिल्या. त्यांनी त्यावर जांभई देणाऱ्या बाईचं चित्र टाकलं. जांभई नको, असं सांगेपर्यंत छापून झालं होतं.

डायऱ्यांची छाननी संपवली. शेवटची आली ती स-१ यांची. चाचणी मुलाखत असल्यामुळे त्यांना डायरी दिलीच नव्हती, मार्चमध्ये त्यांनी मागून घेतली. चौदा दिवस नीट भरलेले, अंदाजाने, पेन्सिलीने. फक्त नवव्या दिवशी एकूण झोपेचा रकाना कोरा. जाग किती वेळा, तोही कोरा. शेवटच्या ‘आणखी काही’ मध्ये एक ओळ: ‘आज डोळे उघडले तर उजाडलेलं होतं. हात हलवून बघितले. लागली अंगी.’

फोन करून विचारलं, ‘काकू, किती तास झाली असेल?’ म्हणाल्या, ‘कुणास ठाऊक. बघितलंच नाही.’

तक्त्यात ती ओळ भरताना सॉफ्टवेअर कोरी जागा घेत नाही, ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा मागतं. मॅडमना विचारायचंय, तो दिवस संख्यांच्या तक्त्यातून वगळून परिशिष्टात जसाच्या तसा, पानाच्या छायाचित्रासह देता येईल का.